जर्नलमधल्या पहिल्या रीडिंगपासून: प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आजचे विज्ञान आणि त्याची नीती

बारावीपर्यंत तुम्ही जे विज्ञान शिकलात, त्याला उत्तरतालिका होती. प्रश्न कितीही अवघड असला तरी चार पर्यायांपैकी एक बरोबर असे आणि तो कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेला असे. महाविद्यालयात आल्यावर ही सोय हळूहळू संपते. ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही अशा प्रश्नांशी गाठ पडू लागते, आणि नीतीचा प्रश्नही त्याच वेळी उभा राहतो, कारण उत्तर आधी माहीत नसले की ते कसे मिळवले यावरच सगळी भिस्त असते.

मी बरीच वर्षे प्रथम वर्षाची भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिके घेत आलो आहे. ‘विज्ञान आणि नीती’ या विषयावर स्वतंत्र व्याख्यान ठेवले की मुले-मुली अणुबॉम्ब आणि क्लोनिंग यांवर हिरिरीने बोलतात, आणि त्याच दुपारी प्रयोगशाळेत येऊन सीनियरच्या जर्नलमधील रीडिंग उतरवून काढतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून पुढील पायऱ्या मी स्वतःच्या वहीपासून बाहेरच्या जगाकडे अशा क्रमाने मांडल्या आहेत. त्यांतील पहिलीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, अशी माझी विनंती आहे.

पायरी पहिली: रीडिंग स्वतः घ्या आणि आले तसे राहू द्या

साध्या लोलकाचा प्रयोग जवळजवळ प्रत्येकाने केलेला असतो. लोलकाची लांबी शंभर सेंटिमीटर ठेवायची, वीस आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरणाची, म्हणजे ‘जी’ची, किंमत काढायची. पुस्तकात ती ९८१ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग अशी दिलेली असते आणि तपासायला येणाऱ्या बहुतेक जर्नलांत ती ९८०.५ ते ९८१.५ यांच्या दरम्यान सुखाने बसलेली आढळते.

आता थोडा हिशेब करू. वीस आंदोलनांना ४०.० सेकंद मोजले गेले तर ‘जी’ ९८७ येते आणि ४०.४ सेकंद मोजले गेले तर ९६७.५ येते. उत्तर ९८०.५ ते ९८१.५ यांच्यामध्ये हवे असेल, तर मोजलेला वेळ ४०.११ ते ४०.१३ सेकंद या इवल्याशा फटीत पडायला हवा. म्हणजे अंगठ्याने बटण दाबताना सेकंदाच्या दोनशतांशाइतकी अचूकता साधायला हवी. माणसाच्या अंगठ्याला दर वेळी हे जमत नाही. एखाद्याचे तसे उत्तर योगायोगाने येईलही, पण अख्ख्या बॅचचे आले तर ते लोलकाने दिलेले नसून उलटा हिशेब करून मिळवलेले आहे, हे कोणताही परीक्षक ओळखतो, मग तो बोलून दाखवो अथवा न दाखवो.

यातली खरी गंमत पुढेच आहे. गुरुत्वत्वरण अक्षांशानुसार बदलते. मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला ते साधारण ९७८.६ भरते आणि पुणे उंचावर असल्यामुळे तेथे आणखी किंचित कमी भरते. म्हणजे ज्या ९८१ साठी ही सारी खटपट चाललेली असते, ती आपल्या गावची किंमतच नव्हे! तुमच्या स्टॉपवॉचला हा फरक दिसणार नाही, हे खरे. परंतु ‘बरोबर’ म्हणून जे उत्तर आपण खोटेपणाने गाठतो ते मुळात बरोबरच नव्हते, हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मला दर वर्षी ऐकायला आवडते.

तेव्हा पहिल्या दिवसापासून पुढील सवयी लावून घ्याव्यात. रीडिंग पेनाने, बांधीव वहीत, घेतल्या क्षणी लिहावे. सुट्या कागदावर टिपून संध्याकाळी ‘फेअर’ करू नये. तारीख, उपकरणाचा क्रमांक, त्याचे लघुत्तम माप आणि सोबत कोण होते, याची नोंद करावी. आकडा चुकला असे वाटले तर तो गिरवून काळा न करता त्यावर एकच रेघ ओढावी, म्हणजे जुना आकडा वाचता येईल, आणि शेजारी कारण लिहावे: ‘एक आंदोलन मोजायचे राहिले’, ‘पंखा चालू होता’. एखादे रीडिंग वगळायचे असेल तर ते कोणत्या नियमाने वगळणार, हे उत्तर काढण्यापूर्वी ठरवावे, कारण उत्तर पाहून वगळलेले रीडिंग म्हणजे स्वतःला दिलेली लाच असते. जोडीने प्रयोग करत असाल तर एकाने मोजलेला वेळ दुसऱ्याला त्याचे मोजून होईपर्यंत सांगू नये; ऐकलेला आकडा नकळत हातात उतरतो.

काही ठिकाणी छापील उत्तराजवळ पोहोचणाऱ्यालाच पूर्ण गुण मिळतात, याची मला कल्पना आहे. मीही अशाच एका महाविद्यालयात शिकलो आणि तिथे आम्हांला ‘एक्स्टर्नल यायच्या आत जुळवून घ्या’ असे उघडपणे सांगितले जाई. अशा वेळी आलेली किंमत तशीच लिहून तिच्याखाली शेकडा त्रुटी काढावी आणि ती कोठून आली असावी याबद्दल दोन-तीन ओळी लिहाव्यात. व्हायवामध्ये त्या दोन-तीन ओळींवर बोलता येणारा विद्यार्थी ९८१ वाल्यापेक्षा सरस ठरतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले आहे.

पायरी दुसरी: वही नसली की काय होते, ते एका प्रकरणातून समजून घ्या

जर्नलचे हे प्रकरण बाळबोध वाटत असेल, तर यान हेन्ड्रिक श्योन याची हकीकत वाचावी. हा तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेतील बेल लॅब्ज या नामांकित प्रयोगशाळेत काम करत होता. २००० ते २००२ या काळात त्याने सेंद्रिय पदार्थांपासून बनवलेल्या ट्रान्झिस्टरांबद्दल एकापाठोपाठ एक थक्क करणारे शोधनिबंध प्रसिद्ध केले. २००१ मध्ये तर सरासरी आठ दिवसांना एक निबंध असा त्याचा वेग होता. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याचे प्रयोग पुन्हा करून पाहण्यात महिनेच्या महिने घालवले, पण कोणालाही ते जमले नाहीत. आपल्याच हाताला यश नाही, असे समजून अनेक जण गप्प राहिले.

शेवटी फुटले ते एका क्षुल्लक जागी. वेगवेगळ्या उपकरणांवरील वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत जो बारीक खडबडीतपणा, ज्याला आपण ‘नॉइज’ म्हणतो, दिसत होता, तो बिंदूबिंदूने सारखा निघाला. नॉइज म्हणजे योगायोगाचा खेळ. दोन वेगळ्या दिवशी पत्र्यावर पडलेल्या पावसाचा आवाज थेंबाथेंबाने सारखा येणे जितके अशक्य, तितकेच हेही. प्रा. माल्कम बीसली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. समितीने मूळ नोंदी मागितल्या तेव्हा प्रयोगशाळेची व्यवस्थित वही नाही, संगणकावरील मूळ आकडे जागा अपुरी पडल्यामुळे पुसून टाकलेले, आणि नमुने खराब झालेले किंवा टाकून दिलेले, असे उत्तर मिळाले. सप्टेंबर २००२ मध्ये आलेल्या अहवालात २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध झाल्याचे म्हटले आहे, आणि त्यानंतर त्याचे निबंध एकामागून एक मागे घेण्यात आले.

समितीने सहलेखकांना गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त केले. मला स्वतःला हा भाग अजून खटकतो. ज्या निबंधावर आपले नाव आहे त्यातील मूळ रीडिंग एकदाही डोळ्यांखालून न घालता त्याचे श्रेय घ्यावे का, या प्रश्नावर वर्गात चर्चा करून पाहावी, आणि करताना गटाच्या प्रकल्पात शेवटच्या रात्री नाव घालून घेणारा मित्रही आठवावा.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण गुरुत्वीय लहरींच्या शोधात सापडते. या लहरी टिपणाऱ्या लायगो या अमेरिकेतील प्रकल्पात काही मोजक्या जणांना असा अधिकार दिलेला होता की, त्यांनी गुपचूप एक खोटा संकेत उपकरणात सोडायचा आणि बाकीचे शेकडो शास्त्रज्ञ तो कसा हाताळतात ते पाहायचे. १६ सप्टेंबर २०१० रोजी असाच एक जोरदार संकेत आला. सगळ्यांनी महिनोन्महिने त्याचे विश्लेषण केले, शोधनिबंधाचा मसुदाही तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये भर सभेत लिफाफा उघडून तो संकेत खोटा असल्याचे सांगण्यात आले. इतकी मेहनत पाण्यात गेली असे कोणी म्हणेल; पण १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरा संकेत आला तेव्हा स्वतःवर शंका घेण्याची सगळी तालीम झालेली होती. अशा संकेतांना नॉइजमधून वेगळे काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतील प्रा. संजीव धुरंधर यांनी त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून काम केले होते, आणि लायगोचे भारतातील केंद्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहणार आहे. परभणी-हिंगोलीकडच्या विद्यार्थ्यांनी ते घराजवळचे विज्ञान समजावे.

पायरी तिसरी: शोधनिबंध वाचायला शिका, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नव्हे

पहिल्या सत्रातच एक शोधनिबंध वाचून पाहावा. शीर्षक आणि गोषवारा वाचून झाल्यावर थेट आकृत्यांकडे जावे आणि प्रत्येक आकृतीखालची ओळ वाचून ‘अक्षांवर काय आहे, किती नमुने होते, त्रुटीच्या रेघा दाखवल्या आहेत का’ एवढे तीन प्रश्न विचारावेत. त्यानंतर पद्धतीचा भाग वाचावा आणि निष्कर्ष सर्वांत शेवटी वाचावा, कारण तो आधी वाचला की आकृत्यांत आपल्याला तेच दिसू लागते. सुरुवातीला निम्मेअधिक समजणार नाही. ते सगळ्यांचेच होते.

निबंध इतर तज्ज्ञांच्या परीक्षणानंतर छापलेला आहे की त्याआधीच जाहीर केलेला प्रीप्रिंट आहे, पैसा कोणाचा आहे, लेखकांनी हितसंबंध जाहीर केले आहेत का, मूळ आकडे कोणाला पाहता येतात, आणि नंतर तो दुरुस्त केला किंवा मागे घेतला गेला आहे का, हे पाहण्याला दहा मिनिटे पुरतात. नियतकालिकाचे मोठे नाव या दहा मिनिटांची जागा घेऊ शकत नाही. कोविडच्या काळात, २२ मे २०२० रोजी, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरील औषधाबद्दल, ते कोविडसाठी दिल्यास काय होते याविषयी, एक निबंध आला. त्यात ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६ हजार रुग्णांची माहिती वापरल्याचा दावा होता आणि औषधाने अपायच होतो असा निष्कर्ष होता. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. मग लोकांनी मूळ माहिती मागितली, ती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने ती तपासणीसाठी दिली नाही, आणि ४ जून रोजी निबंध मागे घेतला गेला. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवावी: निबंध मागे घेतला म्हणून औषध उपयोगी ठरले नाही. त्यानंतर झालेल्या मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्यांत रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांना त्याचा फायदा आढळला नाही. वाईट पुरावा बाजूला काढल्याने उलट बाजू सिद्ध होत नसते, आणि समाजमाध्यमांवरील निम्मी भांडणे हे न कळल्यामुळेच होतात.

‘शुल्क भरा, आठवड्यात निबंध छापतो’ अशी पत्रे तुम्हांलाही लवकरच येऊ लागतील. त्यांना उत्तर देऊ नये.

पायरी चौथी: माणसांकडून माहिती घेण्यापूर्वी थांबा

प्रथम वर्षाच्या प्रकल्पात सर्वेक्षण हमखास असते. गल्लीतील मधुमेहींची यादी, वसतिगृहातील मुलींच्या हिमोग्लोबिनची नोंद, असे काहीतरी असते आणि गूगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला की काम झाले असे वाटते. त्याआधी खम्ममचे प्रकरण माहीत असावे.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लशीचा एक प्रकल्प पाथ ही अमेरिकी संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या सहभागाने राबवला गेला. लस १० ते १४ वर्षे वयाच्या मुलींना द्यायची होती आणि खम्मममध्ये त्यांतील अनेक मुली आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. चौकशीत मृत्यूंचा संबंध लशीशी जोडता आला नाही. ही लस परिणामकारक आहे आणि अनेक देशांत ती नियमितपणे दिली जाते. पण कागद तपासले तेव्हा आंध्रमधील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या आढळल्या, आणि २०१३ मध्ये संसदीय स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. मुलीचे आईवडील दूरच्या पाड्यावर, त्यांना विचारायला कोण जाणार, म्हणून वॉर्डनने सही केली, असे समर्थन तेव्हा ऐकू येत असे. तुमच्या सर्वेक्षणात ‘काकू, इथे सही करा, कॉलेजचे काम आहे’ असे म्हणून घेतलेली सही या सहीपेक्षा फार वेगळी नसते.

प्रकल्प सुरू करण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाची किंवा विद्यापीठाची नीती समिती आहे का, ते विचारावे. संमतिपत्र समोरच्याच्या भाषेत लिहावे आणि त्यात काय विचारणार, किती वेळ लागेल, नकार दिला किंवा मध्येच थांबले तरी काही बिघडणार नाही, आणि माहिती कोण पाहणार, एवढे स्पष्ट असावे. ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि ‘काय समजले ते सांगता का?’ असे नम्रपणे विचारावे. नावांच्या जागी क्रमांक वापरावेत आणि क्रमांक कोणाचा याची यादी वेगळी, कुलपात ठेवावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. तुमच्या वर्गात अजून सतराव्यात असलेले काही जण असतील, हे वर्गमित्रांचेच सर्वेक्षण करणाऱ्यांनी विसरू नये.

पायरी पाचवी: एक जिवंत प्रश्न निवडा आणि त्यातील दोन प्रकारचे प्रश्न वेगळे करा

जनुकांची काटछाट हा विषय मी सुचवेन, कारण त्याचे एक टोक नंदुरबार आणि गडचिरोलीपर्यंत पोहोचते. २०१२ मध्ये एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी क्रिस्पर हे जनुके हव्या त्या जागी कापणाऱ्या कात्रीसारखे तंत्र मांडले आणि २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील ह च्यानख्वे या शास्त्रज्ञाने गर्भावस्थेतच जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. जगभरातून निषेध झाला आणि पुढील वर्षी त्याला तीन वर्षांची कैद झाली. त्याच तंत्रावर आधारलेल्या, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली, तेव्हा मात्र त्याचे स्वागत झाले. तंत्र एकच असताना ही दोन प्रकरणे वेगळी का, हे शोधताना तुम्हांला कळेल की, रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशींतील बदल त्याच्याबरोबर संपतो, तर गर्भातील बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो आणि त्या पिढ्यांना कोणी विचारलेले नसते.

आता वहीचे पान उभे दुमडावे. डाव्या बाजूला मोजून किंवा प्रयोग करून ज्यांचे उत्तर मिळेल असे प्रश्न लिहावेत: कात्री चुकीच्या जागी किती वेळा चालते, उपचाराचा परिणाम किती वर्षे टिकतो. उजव्या बाजूला ज्यांचे उत्तर कोणतेही उपकरण देणार नाही असे प्रश्न लिहावेत. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरवली गेली. सिकलसेल आपल्याकडे प्रामुख्याने आदिवासी समाजांत आढळतो. मग तो उपचार कोणाला मिळणार? सरकारी पैसा अशा उपचारावर खर्च करावा, की गावोगावच्या रक्ततपासणीवर आणि हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरील औषधाच्या गोळ्या नियमित पोहोचवण्यावर? २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे, तिची माहितीही यासाठी काढावी. वादविवादात लोक बहुधा उजवीकडचा प्रश्न डावीकडच्या उत्तराने मिटवू पाहतात, किंवा उलट करतात. दुमडलेले पान जवळ असले की ते चटकन लक्षात येते.

पायरी सहावी: लिहिताना

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी दिलेले संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय वापरू नयेत, कारण अस्तित्वात नसलेले निबंध ती साधने मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. साधन वापरले असेल तर कशासाठी वापरले ते अहवालात लिहावे. वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत आणि त्यांत मजकुरातील साम्याच्या टक्केवारीनुसार कारवाई ठरते. मात्र तो टक्का खाली आणण्यासाठी शब्द उलटसुलट करणे ही ९८१ जुळवण्याचीच दुसरी तऱ्हा झाली.

पायरी सातवी: जाऊन पाहा

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला मिळते; ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या शेतांमधून पसरलेल्या आहेत. पुण्यात आयुकाही त्या दिवशी खुली असते. त्या वर्षीची वेळ आणि प्रवेशाची पद्धत आधी संकेतस्थळावर पाहावी आणि पाण्याची बाटली, टोपी व वही सोबत न्यावी, कारण खोडदला फेब्रुवारीतही ऊन चांगले लागते. तेथे काम करणारे संशोधक प्रश्नांना मनापासून उत्तरे देतात. तबकडीचे वजन किती हे फलकावर लिहिलेले असतेच, तेव्हा त्यांना दुसरे काहीतरी विचारावे: मोबाइलच्या आणि विजेच्या तारांच्या गडबडीमुळे बिघडलेली कोणती रीडिंग तुम्ही टाकून देता, आणि ती टाकायची हे कोण, केव्हा ठरवते? उत्तर वहीत लिहून घ्यावे आणि पुढच्या प्रात्यक्षिकाला येताना ती वही घेऊन यावी.